दाखल, भरलेली, मोकळी: टेप लायब्ररीचा कारभार

संगणकातील माहितीची दुसरी प्रत वेगळ्या माध्यमावर काढून ठेवणे म्हणजे बॅकअप, आणि ही प्रत चुंबकीय फितीवर, म्हणजेच टेपवर, काढली जात असेल तर अशा अनेक टेप जिथे खणाखणांत मांडलेल्या असतात, यांत्रिक हाताने उचलल्या जातात आणि ज्यांचा सगळा हिशेब एका संगणकप्रणालीकडे असतो, त्या कपाटवजा यंत्राला टेप लायब्ररी म्हणतात. या यंत्राविषयी लिहिताना भर बहुधा त्याच्या वेगावर आणि क्षमतेवर दिला जातो; प्रत्यक्षात माहिती वाचते की जाते हे ठरते ते नवी टेप कशी दाखल केली, तिच्यावर काय लिहिले याची नोंद कुठे ठेवली आणि ती पुन्हा मोकळी करण्याचा निर्णय कोणी, केव्हा घेतला, या तीन गोष्टींवर. या तिन्ही गोष्टी कारभाराच्या आहेत, यंत्राच्या नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या कऱ्हाटीसारख्या मुलखात या कारभाराची गरज कोणाला, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या काठचा, पण पर्जन्यछायेत सापडलेला बारामती-इंदापूरचा हा टापू १८८५ च्या सुमारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याने बदलला, कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सहकारी कारखाना म्हणजे नोंदींचा प्रचंड व्यवहार असतो: कोणत्या सभासदाने कोणत्या गटात किती क्षेत्रावर, कोणत्या जातीचा ऊस, कोणत्या तारखेला लावला, चिटबॉयने तोडीची चिठ्ठी कधी दिली, कोणत्या टोळीने तोड केली, गाडी काट्यावर कधी आली, भरलेले वजन किती, रिकामे किती, आणि त्यातून निघालेले बिल कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यात गेले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे भर हंगामात दोन दिवसांच्या काटा-नोंदी गेल्या तरी तो घोटाळा केवळ संगणक विभागापुरता राहत नाही. पुढील विवेचनात म्हणूनच एक कल्पित कारखाना उदाहरणादाखल घेतला आहे. वर उल्लेखिलेल्या कारखान्यांत कोणते माध्यम वापरले जाते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

टेप हे जुनाट माध्यम आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. युनिव्हॅक संगणकासोबत १९५१ मध्ये आलेली पहिली फीत धातूची होती आणि १९५२ मध्ये आयबीएमने प्लॅस्टिकची अर्धा इंच रुंदीची फीत आणली. आजची प्रचलित टेपही अर्धा इंच रुंदीचीच आहे, मात्र त्या रुंदीत मावणारी माहिती लक्षावधी पटींनी वाढली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या जीमेल सेवेत एका सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ०.०२ टक्के खात्यांतील पत्रे दिसेनाशी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी ठेवलेल्या डिस्कवरील प्रतींनाही त्या दोषाची बाधा झाली होती आणि अखेर ती पत्रे टेपवरून परत आणावी लागली. डिस्कवरील प्रत सतत जोडलेली असते, म्हणून मूळ माहितीवर आलेले संकट, मग तो सॉफ्टवेअरचा दोष असो की खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारा घातक प्रोग्राम, त्याच तारेतून प्रतीपर्यंत पोहोचू शकते. खणात पडून असलेल्या टेपला अशी तार नसते. शिवाय पडून असलेली टेप वीज खात नाही, ही बाब बारमाही वीजबिल भरणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते ती एलटीओ प्रकारची टेप. एचपी, आयबीएम आणि सीगेट या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या या मानकाची पहिली पिढी २००० मध्ये आली आणि तिच्या एका टेपवर १०० गिगाबाइट माहिती मावत असे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट, मावते. टेप ज्या डबीत बसवलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात. ही डबी जेमतेम दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड असते, तिच्या आत एकच रीळ असते आणि दुसरे रीळ ड्राइव्हमध्ये, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रात, असते. नवव्या पिढीच्या डबीत १०३५ मीटर फीत असते व तिच्या रुंदीत ८९६० समांतर पट्टे आखलेले असतात. लेखनशीर्ष एका वेळी ३२ पट्टे लिहिते, म्हणून पूर्ण टेप भरण्यासाठी फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८० वेळा धावते आणि सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगानेही त्याला साडेबारा तास लागतात. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण नोंदवही हरवल्याची किंमत पुढे याच आकड्यात मोजावी लागते.

लायब्ररीच्या आत तीन गोष्टी दिसतात: टेप ठेवण्याचे खण, ज्यांना स्लॉट म्हणतात, एक किंवा अनेक ड्राइव्ह, आणि या दोहोंमध्ये रुळावरून सरकणारा, डबी चिमटीत धरणारा यांत्रिक हात. या हातावर बारकोड वाचणारा डोळा बसवलेला असतो. बाहेरून टेप आत घालण्यासाठी किंवा आतली बाहेर काढण्यासाठी एक वेगळा खण असतो, त्याला मेल स्लॉट म्हणतात. संपूर्ण दार उघडले तर यंत्र थांबते आणि दार लावल्यावर सगळे खण नव्याने तपासू लागते, तो खोळंबा या खणामुळे टळतो. लहान लायब्ररीत आठ-दहा टेप मावतात, मोठ्या संस्थांच्या लायब्ररीत हजारो.

आता दाखल करण्याची रीत पाहू. नवी कोरी टेप खोक्यातून काढून थेट ड्राइव्हमध्ये घालणे हा कऱ्हाटीतल्या उन्हाळ्यात तर निश्चितच चुकीचा प्रकार आहे. मे महिन्यात बाहेरचे तापमान चाळिशीपार असताना मालवाहू गाडीतून आलेली टेप वातानुकूलित खोलीत आणल्यावर फितीचे आकारमान हळूहळू बदलत असते, आणि केसाहून बारीक पट्टे आखायचे असल्याने हा अल्पसा बदलही महत्त्वाचा ठरतो; म्हणून ती जिथे वापरायची त्याच खोलीत किमान एक दिवस ठेवावी लागते. नवव्या पिढीच्या टेपची तर ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा गेल्यावर एक जुळवणी होते, जिच्यात ड्राइव्ह त्या विशिष्ट फितीचे त्या विशिष्ट खोलीतील वर्तन मोजून घेतो. तिला सरासरी ४० मिनिटे आणि क्वचित दोन तासही लागतात. हे ठाऊक नसलेला कर्मचारी यंत्र अडकले असे समजून मध्येच बंद करतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. वीस नव्या टेप दाखल करायच्या असतील तर ते काम गळीत सुरू होण्याच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये, हे यावरून उघड आहे.

त्यानंतर बारकोड. एलटीओ टेपच्या बारकोडात आठ अक्षरे असतात: पहिली सहा ही त्या टेपची ओळख आणि शेवटची दोन तिची पिढी सांगणारी, जसे नवव्या पिढीसाठी एल९. बीआर०००१एल९ असे लेबल वाचताच लायब्ररीला कळते की ही टेप नवव्या पिढीची आहे आणि ती जुन्या ड्राइव्हमध्ये घालायची नाही. लेबल डबीच्या कडेवरच्या खोलगट जागेतच, सरळ चिकटवायचे असते. त्याच्यावर दुसरे लेबल चढवले, कागद फुगला किंवा कडा सुटली तर यांत्रिक हाताची चिमटी अडते व एका लेबलासाठी सगळी लायब्ररी बंद पडते. ओळखीच्या सहा अक्षरांत अर्थ भरण्याचा मोह अनेकांना होतो. ‘सोमवार’, ‘काटा’, ‘पगार’ यांची आद्याक्षरे घालून लेबले छापली जातात, आणि दोन वर्षांनी पगाराची म्हणून छापलेली टेप काट्याच्या नोंदींसाठी वापरावी लागली की ते लेबल दिशाभूल करू लागते. ओळख क्रमांकाने असावी, अर्थ नोंदीत असावा. एकच क्रमांक दोन टेपना कधीही देऊ नये, टेप मोडीत काढली तरी तिचा क्रमांक नव्या टेपला देऊ नये.

मेल स्लॉटमधून टेप आत गेली, म्हणजे ती लायब्ररीत आली. पण बॅकअपच्या सॉफ्टवेअरला ती अजून ठाऊक नसते. त्यासाठी आधी इन्व्हेंटरी करावी लागते, म्हणजे यांत्रिक हात प्रत्येक खणापुढून फिरून कोणत्या खणात कोणता बारकोड आहे याची यादी तयार करतो. नंतर लेबलिंग होते. येथे लेबल म्हणजे कागद नव्हे, तर फितीच्या अगदी सुरुवातीला चुंबकीय स्वरूपात लिहिलेले टेपचे नाव. हे नाव लिहिले गेले की कोरी टेप सॉफ्टवेअरच्या भाषेत व्हॉल्यूम होते, म्हणजे ओळख असलेला, हिशेबात धरलेला एक नग. बाहेरचा कागदी क्रमांक आणि आतले चुंबकीय नाव एकच असावे, हा या कामातला पहिला नियम आहे. कोणी बारकोड बदलून चिकटवला आणि आतले नाव तसेच राहिले, तर यांत्रिक हात मागितलेली टेप अचूक आणून देतो आणि सॉफ्टवेअर ती आपली नाही म्हणून परत पाठवते.

लेबलिंगच्या या पायरीवर सर्वांत मोठा धोका दडलेला असतो. टेपच्या सुरुवातीला नवे नाव लिहिणे म्हणजे तिच्यावरील आधीची सगळी माहिती गमावणे, कारण फितीवर एखाद्या ठिकाणी लिहिले की त्यापुढचे सर्व काही प्रणालीच्या लेखी संपते. जाणती सॉफ्टवेअर आधीचे नाव आढळल्यास हात आवरतात आणि विचारतात. घाईत असलेला माणूस त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. म्हणून जपून ठेवायच्या टेपच्या डबीवरची लहानशी सरकती कडी लेखनबंद बाजूला सरकवून ठेवणे हा साधा उपाय कोणत्याही संगणकीय परवानगीपेक्षा भरवशाचा आहे. वार्षिक लेखापरीक्षणानंतरचे हिशेब ठेवण्यासाठी तर एकदाच लिहिता येणाऱ्या टेपही मिळतात, ज्यांवर नंतर कोणालाही, अगदी कार्यकारी संचालकांच्या आदेशानेही, पुन्हा लिहिता येत नाही.

व्हॉल्यूम दाखल झाला की त्याचे पान उघडते ते कॅटलॉगमध्ये. गावच्या सार्वजनिक वाचनालयात दाखलनोंद वही असते, तिच्यात पुस्तकाला क्रमांक मिळाल्याशिवाय ते कपाटात जात नाही आणि रद्द झाल्याची नोंद झाल्याशिवाय ते कपाटातून जात नाही; कॅटलॉग ही टेपची तशीच वही, फक्त तिच्यात प्रत्येक टेपवर कोणत्या दिवसाच्या कोणत्या फाइली कितव्या ठिकाणी आहेत हेही लिहिलेले असते. फीत हे सरळ रेषेतले माध्यम असल्याने ही जागा ठाऊक असेल तर ड्राइव्ह एक-दीड मिनिटात तेथे पोहोचतो. ठाऊक नसेल तर संपूर्ण टेप वाचून यादी नव्याने बांधावी लागते, म्हणजे भरलेल्या एका टेपला वर सांगितलेले साडेबारा तास. तीस टेप आणि एक ड्राइव्ह असेल तर ते काम पंधरा दिवसांवर जाते. कॅटलॉग ज्या संगणकावर असतो तोच जळाला, तर सगळ्या टेप शाबूत असूनही संस्था पंधरा दिवस आंधळी होते. म्हणून कॅटलॉगची प्रत रोजच्या बॅकअपच्या शेवटी निराळ्या टेपवर काढतात, आणि ती प्रत कोणत्या टेपवर आहे हे कागदावर लिहून ठेवतात. कागदाची गरज येथे अजून संपलेली नाही.

टेप भरत गेली की तिची अवस्था बदलते. कोरी किंवा पुसून घेण्यास मोकळी असलेली टेप स्क्रॅच म्हणवते. जिच्या शेवटी अजून जागा आहे ती चालू. जी काठोकाठ भरली ती पूर्ण. जिच्यावरील सर्व माहितीची मुदत संपली ती मुदतबाह्य. आणि वाचताना-लिहिताना वारंवार चुका दाखवते ती सदोष. मुदत म्हणजे ही प्रत किमान किती काळ पुसायची नाही याचा ठरवून दिलेला कालावधी. या अवस्था सॉफ्टवेअर आपोआप बदलते, पण मुदती माणसाने ठरवायच्या असतात आणि नेमके तेथेच बहुतेक संस्थांचे दुर्लक्ष होते, कारण मुदत ठरवणे हे संगणक विभागाचे काम समजले जाते. ते तसे नाही. सहकारी बँकांची कोणती कागदपत्रे ५ वर्षे व कोणती ८ वर्षे जपायची हे १९८५ च्या नियमांनी सांगितले आहे. कारखान्याच्या बाबतीत ऊसबिलाचा वाद, सभासदत्वाचा वाद, निवडणुकीची मतदारयादी अशा बाबी किती काळ उकरल्या जाऊ शकतात हे शेतकी विभाग, लेखा विभाग आणि कायदा सल्लागार यांनाच ठाऊक असते. त्यांनी ते लिहून दिले नाही, तर संगणक विभागातला मनुष्य उरलेल्या रिकाम्या टेपकडे पाहून मुदत ठरवतो.

मुदतीचा प्रश्न टेपवर विशेष अवघड होतो, कारण टेपच्या मधला एखादा भाग पुसून तेवढीच जागा पुन्हा वापरता येत नाही. एखाद्या टेपवर काट्याच्या रोजच्या नोंदी असतील आणि त्यांची मुदत एक महिना असेल, पण त्याच टेपवर एका रात्री वर्षअखेरचा ताळेबंदही लिहिला गेला असेल आणि त्याची मुदत आठ वर्षे असेल, तर ती सगळी टेप आठ वर्षे अडकून पडते. असे दर आठवड्याला एकेकदा झाले तरी वर्षभरात लायब्ररीतले पन्नासावर खण अडतात आणि मोकळी टेप मिळेनाशी होते. म्हणून व्हॉल्यूमचे गट पाडतात, ज्यांना पूल असे म्हणण्याचा प्रघात आहे: एका गटात फक्त रोजच्या प्रती, दुसऱ्यात आठवड्याच्या, तिसऱ्यात महिन्याच्या, चौथ्यात हंगामअखेरच्या. नवी टेप दाखल करतानाच ती कोणत्या गटाची हे सांगावे लागते, किंवा सगळ्या कोऱ्या टेप एका सामाईक स्क्रॅच गटात ठेवून ज्याला गरज पडेल त्याने तेथून उचलावी अशी व्यवस्था करावी लागते. दुसरी व्यवस्था बरी, कारण गळीत हंगामात रोजच्या गटाची भूक वाढते आणि पावसाळ्यात ती उतरते, हे आधी अचूक सांगता येत नाही.

रोज, आठवडा आणि महिना या तीन पातळ्यांच्या फिरत्या वापराला लेक-बाप-आजा पद्धत म्हणतात. रोजच्या टेप आठवड्याने पुन्हा वापरात येतात, आठवड्याच्या महिन्याने आणि महिन्याच्या वर्षाने. सर्वसाधारण कार्यालयाला ही पद्धत पुरते. साखर कारखान्याचे वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर नसते, आर्थिक वर्षही त्याला नीट लागू पडत नाही, कारण गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि त्याचा हिशेब पुढच्या हंगामातही मिटत असतो. त्यामुळे आजाची टेप कॅलेंडरवरून नव्हे तर हंगामावरून ठरवावी लागते. तयार सॉफ्टवेअरमधील ठरीव वेळापत्रक जसेच्या तसे स्वीकारणाऱ्यांना हा फरक तीन-चार वर्षांनी, जुन्या हंगामातील बिलाचा वाद निघाल्यावर, उमगतो.

मोकळी टेप मिळेनाशी झाली की काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या नासाचे आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी चंद्रावरून पाठवलेले मूळ दूरचित्र-संकेत पृथ्वीवरील केंद्रांत टेपवर नोंदवले गेले होते, आणि जगाने दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या चित्रापेक्षा ते अधिक स्पष्ट होते. अनेक वर्षांच्या शोधानंतर २००९ मध्ये नासाने जाहीर केले की पुढच्या काळात टेपचा तुटवडा पडल्यावर पुसून पुन्हा वापरलेल्या असंख्य टेपमध्ये बहुधा त्याही गेल्या. कोणी चोरल्या नाहीत, जाळल्या नाहीत. मुदत संपलेल्या टेप मोकळ्या करण्याचे नेहमीचे काम नेहमीप्रमाणे झाले, एवढेच. या टेप त्या कामातून वगळा, असा शेरा त्यांच्या नोंदीत कोणी लिहिला नसावा.

याच्या उलट उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे, आणि तिच्या निरीक्षणांच्या नोंदी एलटीओ टेपवर जपण्याची पद्धत तेथे रुजली. निरीक्षण मागणाऱ्या शास्त्रज्ञाचा त्या नोंदींवर काही काळ विशेष हक्क असतो, त्यानंतर त्या इतरांना खुल्या होतात. म्हणजे येथे मुदत संपते ती पुसण्यासाठी नव्हे, उघडण्यासाठी. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर आकाशाचे सर्वेक्षण केले. जपलेल्या त्या मूळ नोंदींवर नव्या गणिती पद्धती वापरून हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागातील ६ लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. निरीक्षण झाले त्या वर्षी ‘काम झाले, टेप मोकळी करा’ असे कोणी म्हटले असते, तर ही यादी झाली नसती. खगोलशास्त्राची नोंद आणि कारखान्याची काटा-नोंद यांत मोठा फरक आहे हे खरे. पण दोन्हीकडे टेप मोकळी करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एकच असतो.

टेप जपली, नोंद जपली, तरी वाचणारे यंत्र उरले पाहिजे. पुण्याच्या शिवाजीनगर भागात भारतीय हवामानशास्त्र विभागाचे जुने कार्यालय आहे, ज्याला १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात हलवल्यापासून पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणत आले. देशभरातील पर्जन्यमापकांच्या नोंदी पुण्यातच जपल्या जातात आणि १९७७ पासून त्यासाठी राष्ट्रीय विदा केंद्र आहे. बारामती-इंदापुरासारख्या तालुक्यांचा पाऊस किती बेभरवशाचा हे शंभर वर्षांच्या आकड्यांवरून सांगता येते, ते या नोंदी हस्तलिखित तक्त्यांतून छिद्रपत्रांवर, छिद्रपत्रांतून चुंबकीय टेपवर आणि तेथून पुढच्या माध्यमांवर उतरवल्या गेल्या म्हणून. प्रत्येक स्थलांतर जुने यंत्र चालू असतानाच करावे लागते. एलटीओच्या बाबतीत हा काळ आखडत चालला आहे: सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत, आठवी आणि नववी फक्त मागची एक पिढी वाचतात, आणि २०२५ मध्ये आलेली दहावी पिढी मागचे काहीच वाचत नाही. उत्पादक टेपचे आयुष्य ३० वर्षे सांगतात, ते योग्य जपणुकीत खरेही ठरेल, पण तिला वाचणारा ड्राइव्ह दहा-बारा वर्षांनी दुरुस्तीलाही मिळेनासा होतो. तेव्हा नव्या पिढीची लायब्ररी खरेदी करताना जुनी टेप कोण, कधी आणि कोणत्या ड्राइव्हवर वाचून नव्या टेपवर उतरवणार, याची तरतूद त्याच निविदेत असली पाहिजे.

जपणुकीचे नियम थोडक्यात सांगता येतात. दीर्घकाळ ठेवायची टेप १६ ते २५ अंश सेल्सियस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत, उभी ठेवावी. साखर कारखान्याच्या आवारात चिमणीची काजळी आणि उडणारा भुसा असतो, तेव्हा लायब्ररीची खोली बॉयलर आणि गव्हाणीपासून दूर व दारे घट्ट असलेली हवी. लेखनशीर्ष पुसणारी सफाईची टेप साधारण ५० वेळा चालते. तिच्या बारकोडाची सुरुवात सीएलएन या अक्षरांनी होते, म्हणून लायब्ररी तिच्यावर माहिती लिहायला जात नाही. ड्राइव्हने मागितल्याशिवाय ती वापरू नये, कारण ती शीर्ष झिजवते. चौथ्या पिढीपासून टेपवरील माहिती कूटबद्ध करता येते, म्हणजे किल्लीशिवाय ती कोणाला वाचता येत नाही. या किल्लीची प्रत वेगळी जपली नाही तर मालकालाही ती वाचता येत नाही. टेपचा एक संच दुसऱ्या गावी ठेवायचा असतो, आणि ‘दुसरे गाव’ निवडताना नकाशा पाहावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्याने कऱ्हेला पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. पर्जन्यछायेतल्या, वर्षातून बराच काळ कोरड्या पडणाऱ्या नदीचा हा पूर होता. मूळ कार्यालय आणि टेपचे दुसरे ठिकाण एकाच नदीच्या काठी असेल, तर ते दुसरे ठिकाण नव्हे.

बाहेर पाठवलेल्या टेपची नोंद हा पुन्हा वेगळा विषय आहे. टेप लायब्ररीतून निघाली की सॉफ्टवेअरमध्ये तिचे ठिकाण बदलावे लागते, नाहीतर पुढच्या इन्व्हेंटरीत ती हरवलेली दिसते. ती परत येण्याची तारीख नोंदवलेली नसेल तर ती तेथेच पडून राहते आणि तिच्या बदली नवी विकत घेतली जाते. टेप कोणी नेली, कोणी घेतली, दोघांच्या सह्या आणि बारकोड क्रमांक असलेली पावती हवी. सहकारी संस्थांना पावत्यांची सवय असतेच. ती सवय संगणक विभागापर्यंत पोहोचली की पुरे.

या सगळ्या कारभाराची परीक्षा एकाच कृतीने होते, ती म्हणजे रिस्टोअर, टेपवरील माहिती प्रत्यक्ष परत आणणे. बॅकअप यशस्वी झाल्याचा रोजचा संदेश एवढेच सांगतो की लिहिताना अडचण आली नाही. ती टेप उद्या सापडेल, वाचता येईल आणि तिच्यातली माहिती प्रणालीत उघडेल, हे तो सांगत नाही. म्हणून दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, जेव्हा कारखाना शांत असतो आणि संगणक विभागाला सवड असते, तेव्हा मागच्या हंगामातील कोणत्याही एका सभासदाची लावणीपासून बिलापर्यंतची संपूर्ण नोंद बाहेरगावी ठेवलेल्या टेपवरून, वेगळ्या संगणकावर, मूळ प्रणालीला हात न लावता परत आणावी. हे काम ज्याने बॅकअप घेतला त्याच्याऐवजी दुसऱ्या कर्मचाऱ्याने, केवळ नोंदी वाचून करावे. लागलेला वेळ, वापरलेल्या टेपचे क्रमांक आणि आलेल्या अडचणी संचालक मंडळापुढे ठेवाव्यात, आणि ज्या टेपने दगा दिला तिचा गट, तिची मुदत व तिची दाखलनोंद गळीत सुरू होण्यापूर्वी तपासून घ्यावी.